कारवानी कुत्र्यांची पहिली परीक्षा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा पुढेमागे जालन्याचा एखादा लहानसा कारखानदार अशाच एका व्यासपीठावर आपल्या दोन कुत्र्यांविषयी बोलावयास उभा राहील, असे त्यांच्या मनातही आले नसेल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "भंगारापासून सळईपर्यंत" असा भारदस्त विषय सुचविला होता. चिटणीस म्हणाले, "सळई आम्ही रोज पाहतो. तुमच्या त्या बारीक कमरेच्या कुत्र्यांचे काय झाले ते सांगा." तेव्हा आजच्या भाषणात काही दोष आढळला तर त्यातला निम्मा चिटणीसांच्या पदरी घालावा, ही विनंती.

बारीक कमर हा त्या कुत्र्यांचा पहिला गुन्हा. आमच्या एमआयडीसीच्या रस्त्याने मी त्यांना फिरावयास नेतो तेव्हा ट्रकवाले गाडी हळू करून विचारतात, "शेठ, खायला देत नाही काय?" बरगड्या मोजून घ्याव्या, पोट पाठीला लागलेले, तोंड निमुळते, पाय लांब, आणि डोळ्यांत एक प्रकारचा परकेपणा. ही जात उपाशी नसते; ती अशीच असते. आपल्या मराठवाड्यात तिला कारवान किंवा कारवानी म्हणतात. अंगावर आखूड केस असले तर कारवानी, आणि कानांवर व शेपटीवर रेशमी झालर असली तर पश्मी. दोन्ही शब्द फारसीतले आहेत. कारवान म्हणजे तांडा आणि पश्म म्हणजे मऊ लोकर. व्यापाऱ्यांच्या, घोडेवाल्यांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडून ही कुत्री दख्खनेत उतरली असावीत असे जाणकार मानतात, आणि इराणकडच्या ताझी कुत्र्याशी त्यांचा तोंडवळा ताडून पाहिला म्हणजे ते पटते. कृष्णेपलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच जात जोपासली आणि इंग्लंडच्या राजाला तिची जोडी नजर केली. म्हणून तिकडे तिला मुधोळ म्हणतात. २००५ साली भारताच्या टपालखात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. नाव कोणते खरे, यावर दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर येतात. मला त्या वादात रस नाही. लातूरकडच्या ज्या तांड्यावरून मी माझी जोडी आणली तेथल्या म्हातारीने तिला नुसते "कुत्रं" म्हटले होते.

नराचे नाव बाण, मादीचे भिंगरी. एकाच वेतातली भावंडे. आणली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि दोघे मिळून एका घमेल्यात मावत होती. कारखान्याची राखण करतील म्हणून आणली, हे मी घरी सांगितलेले कारण. खरे कारण असे की लहानपणी आजोळी, भोकरदनकडे, अशीच एक कुत्री मी पळताना पाहिली होती आणि ते दृश्य चाळीस वर्षे डोळ्यांतून गेले नव्हते. राखण तर त्यांनी कधी केलीच नाही. भिंगरी रात्रभर आमच्या दिवाणावर झोपते. चोर आला तर ती त्याला जागा करून देईल.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुत्र्यांत वासावर चालणारी असतात आणि नजरेवर चालणारी असतात. वासावरचा कुत्रा नाक जमिनीला लावून तासन्तास माग काढतो. थांबतो, भुंकतो, धन्याला बोलावतो. नजरेचा कुत्रा मुकाट्याने पळतो. त्याला दूरवर काही हलताना दिसले की तो सुटला. ग्रेहाउंड आणि त्याचे भाऊबंद भरधाव असतात तेव्हा एका झेपेत दोनदा चारी पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग लांब ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चांगला ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या पलीकडे जातो. कारवानी त्याहून थोडा मागे पडेल, पण ढेकळांच्या रानात मी कारवान्यावर पैज लावीन. एवढ्या वेगात असलेल्या जनावराच्या कानाला तुमची हाक पोचते, मनाला पोचत नाही. ही गोष्ट मला पुस्तकात वाचून माहीत होती. कळली ती पुढे.

आमच्या कारखान्यात एक बुजुर्ग कामगार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. परतूर तालुक्यातले, मेंढरांमागे वाढलेले. त्यांच्या वडिलांजवळ कारवान्यांची जोडी होती. जोडीच का, ते मामांनी मला समजावले. एकटा कुत्रा सशाला धरू शकत नाही, कारण ससा वळतो. एकाने सशाला वळवावयाचे आणि दुसऱ्याने वळणावर गाठावयाचे, आणि हे त्यांना कोणी शिकवीत नाही. बाण आणि भिंगरी वर्षाची झाली तेव्हा मामा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पाहून उसासा टाकीत. "भाऊ, ही जनावरं पळायसाठी जन्माला आली. तुम्ही त्यांना गादीवर निजवता. एकदा तरी ससा दाखवा."

ससा दाखविणे हा आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाला अभय दिले आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे. मामांच्या बापाच्या काळी ससा हे त्या घरचे मांस होते. माझ्या घरी तो केवळ खेळ झाला असता. एवढा फरक मामांनाही मान्य होता. परंतु मग कारवान्याने करावे काय? ज्या कामासाठी शेकडो वर्षे निवडून निवडून ही जात घडविली, ते काम कायद्याने बंद झाले. आणि काम बंद झालेल्या जातीचे पुढे काय होते, हे आपण बैलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहतो आहोत. नुसत्या देखणेपणावर निवड होऊ लागली की चार-सहा पिढ्यांत आकार तेवढा राहतो आणि आतला प्राण निघून जातो.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडात सशामागे ग्रेहाउंडची जोडी सोडण्याचा खेळ फार जुना. तेथल्या वॉटर्लू कपाची सुरुवात १८३६ ची. मौज अशी की त्या खेळात ससा मारण्याला मोठे मोल नव्हते. पंच गुण देत ते वेगाला आणि सशाला वळविण्याला. पुष्कळ ससे निसटून जात. पुष्कळ मरतही. शेवटी २००४ साली कायदा झाला आणि २००५ साली वॉटर्लू कप शेवटचा भरला. पक्षी हेरणाऱ्या कुत्र्यांची रानातली पहिली परीक्षा तिकडे बेडफर्डशायरमध्ये साउथहिल येथे १८६५ साली झाली असे सांगतात. म्हणजे घरच्या कुत्र्याला रानात नेऊन परक्या पंचापुढे उभे करणे आणि धन्याने छाती धडधडत बाजूला थांबणे, हा प्रकार दीडशे वर्षांहून जुना आहे.

अमेरिकेत यातून एक वेगळी वाट निघाली. कॅलिफोर्नियात सशांमागे धावताना कुत्री काटेरी तारांच्या कुंपणात सापडून फाटत, म्हणून लाइल जिलेट नावाच्या एका गृहस्थांनी सशाऐवजी दोरीला बांधलेले आमिष आणि ते वळणावळणाने ओढणारे यंत्र अशी योजना केली. १९७२ साली त्या खेळाची संस्था झाली. तिच्या नियमांप्रमाणे तीन-तीन कुत्री एकदम सुटतात. एकाच्या अंगावर पिवळे वस्त्र, दुसऱ्याच्या गुलाबी, तिसऱ्याच्या निळे. पंच शंभर गुणांचा हिशेब पाच बाबींत मांडतात: उत्साह, पाठलागातली निष्ठा, वेग, वळण्यातली चपळाई आणि दम. आमिष म्हणजे काय? पांढरी प्लास्टिकची पिशवी. एवढा उमदा प्राणी प्लास्टिकच्या पिशवीमागे जिवाच्या आकांताने धावतो हे ऐकून मला प्रथम हसू आले. पण नजरेच्या कुत्र्याला मांसाशी कर्तव्य नसते. त्याला हालचालीशी कर्तव्य असते.

हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. जालना म्हणजे, श्रोतेहो, भंगाराची काशी. साऱ्या मुलखाचे मोडलेले लोखंड आमच्या भट्ट्यांत येते आणि सळई होऊन बाहेर पडते. अशा गावात एक यंत्र करणे अवघड नव्हते. मोडलेल्या ट्रॅक्टरचा स्टार्टर, एक बॅटरी, सायकलच्या चाकाची धाव, नायलॉनची बारीक दोरी. दोरी वळविण्यासाठी कप्प्या, आणि कप्प्या जमिनीत रोवण्यासाठी आठ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे. त्यांना मात्र तोटा नव्हता. बटन दाबले की दोरी गुंडाळली जाई आणि पिशवी सळसळत पुढे पळे. यंत्र चालविणाऱ्याला एकच काम, पण ते कसबाचे: पिशवी कुत्र्याच्या पुढे वीसएक पावले ठेवावयाची. फार पुढे गेली तर कुत्र्याची नजर तुटते आणि फार जवळ आली तर तो पकडतो. दोरीला हात लावावयाचा नाही, ती मांस कापते. कुत्रा दोरीत गुंतला तर त्याचा पायही कापते.

आमच्या कारखान्यामागे एक मोकळा भूखंड आहे. तेथे पळवावयाचे ठरले तेव्हा मामांनी मला अडविले. तो भूखंड वरवर पाहता गवताळ माळ. पण गवतात सळईचे तुकडे, तारांची भेंडोळी, भट्टीची मळी, काय नव्हते? कॅलिफोर्नियात काटेरी तार आणि जालन्यात बाइंडिंगची तार! सलग चार रविवार आम्ही सातआठ जण टोपल्या घेऊन तो माळ वेचीत होतो. मामांनी क्रेनच्या मोडक्या लोहचुंबकाचा तुकडा दोरीला बांधून सगळ्या माळावर फिरविला आणि गवतात दडलेले बरेच लोखंड वर काढले. मला आजही वाटते की कुत्र्यांच्या पायांची काळजी मी पुरेपूर घेतली होती. पण काळजी एका बाजूने घेतली की माणूस निर्धास्त होतो, आणि संकट दुसऱ्या बाजूने येते.

पहिल्या दिवशीची फजिती सांगितलीच पाहिजे. पिशवी सुटली. भिंगरी तीरासारखी गेली, पन्नास पावलांवर तिला वाटेत एक टिटवी उठलेली दिसली आणि ती टिटवीमागे लागली. बाण शेवटपर्यंत गेला, पिशवी पकडली, दोनदा झटकली, आणि मग त्याने ती खाली टाकून माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. तो एखाद्या फसविल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा होता. मला वाटले, संपले. हा पुन्हा धावणार नाही. मामा म्हणाले, "थांबा. परत ओढा." पिशवी पुन्हा हलली मात्र, बाण सगळे विसरला.

मोठे पळवणे आम्ही दीड वर्षाचे होईपर्यंत केले नाही. हाडे पक्की होईपर्यंत थांबावे असे माझ्या थोरल्या मुलीने बजावले होते. ती परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, आणि घरात तिचा शब्द शेवटचा असतो. पळण्याआधी चार तास खाणे नाही. पळण्याआधी दहा मिनिटे चालविणे, पळून झाल्यावर पुन्हा तेवढेच चालविणे. आठवड्यातून दोनदा, आणि तेही सूर्य वर येण्याच्या आत. या नियमांनी हिवाळा गेला. दोन्ही जनावरे अशी तयार झाली की त्यांच्या मांड्यांवर हात फिरविताना तारेचा दोर हाताला लागावा.

मग मला दुर्बुद्धी सुचली. आपली कुत्री चांगली आहेत हे आपल्याला माहीत असणे पुरेसे वाटेना; ते चारचौघांत सिद्ध व्हावे असे वाटू लागले. पश्चिम महाराष्ट्रात जत्रांतून कुत्र्यांच्या शर्यती होतात हे आपणांस ठाऊक असेल. यंत्राने ओढलेल्या बनावट सशामागे सरळ पट्टीवर कुत्री पळवितात. अशा एका गावी मार्चच्या अखेरीस शर्यत होती. गावाचे आणि चालकांचे नाव मी घेणार नाही. सकाळी सातची वेळ कळविली होती. आम्ही आदल्या रात्री निघालो. मी, मामा, मुलगी, दोन कुत्री, आणि हौशी म्हणून आलेले कारखान्यातले सहा जण दुसऱ्या गाडीत. मी त्या सहांचा उल्लेख मुद्दाम करतो.

सात वाजले, आठ वाजले. उद्घाटनाला यावयाचे पाहुणे आले नव्हते. पट्टी आखलेली होती, कुत्री आलेली होती, पंच चहा पीत होते. नऊ वाजता ऊन चढू लागले. सावली म्हणाल तर एक बाभूळ, आणि तिच्याखाली सव्वीस कुत्री. पाण्याचा टँकर येणार होता. तो काही दिसेना. आम्ही नेलेले दोन कॅन पाणी आमचेच लोक निम्मे पिऊन बसले होते. साडेदहाला पाहुणे आले, हार झाले, भाषणे झाली. अकरा वाजता पहिली फेरी सुटली. आमची पाळी पावणेबाराला होती.

साडेअकराला मुलगी म्हणाली, "बाबा, परत जाऊ या." मामांनी बाणाच्या जिभेकडे बोट दाखविले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि बाण उभ्या उभ्याच धापत होता. मामा म्हणाले, "भाऊ, ह्या जातीला पुरे म्हणता येत नाही. ते आपणच म्हणावं लागतं."

मला हे सगळे दिसत होते. कळत नव्हते असे मुळीच नाही. पण दोनशे कोसांवरून आलेलो, सहा माणसे रात्रभर जागून आलेली, वर्षभराची मेहनत, आणि शेजारचा एक गृहस्थ आपल्या ग्रेहाउंडकडे पाहून मला म्हणत होता, "तुमच्याकडची देशी कुत्री पळतात होय?" मी एवढेच केले की भिंगरीला बाहेर ठेवले. ती जरा मंद वाटत होती. स्वतःच्या मनाची समजूत घालण्यासाठी माणूस असा अर्धा शहाणपणा करतो. बाणाला मी पट्टीवर नेले.

तो कसा पळाला? श्रोतेहो, तो सुंदर पळाला. आजोळी पाहिलेले ते दृश्य पुन्हा माझ्यापुढून गेले. पहिल्या शंभर पावलांत दोन्ही ग्रेहाउंड त्याच्या पुढे होते, मग एक मागे पडला, आणि शेवटी तो दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून गेला. दुसरा क्रमांक. आमची सहा माणसे नाचू लागली. मी धावत टोकाला पोचलो तेव्हा बाण उभा होता, पण त्याचे मागचे पाय वेगवेगळ्या दिशांना जात होते. हिरड्या विटेसारख्या लाल. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे न पाहता पलीकडे पाहिले. मग तो बसला नाही, कोसळला.

मुलीने थर्मामीटर लावला. कुत्र्याचे अंग स्वस्थ असताना अडतीस ते एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते. पारा एकेचाळीसच्या पुढे गेला होता. तेथून पुढची वीस मिनिटे मी केवळ हमाल होतो. ती सांगे ते आणावयाचे. उरलेले पाणी मांड्यांच्या आतल्या बाजूस, पोटावर, पंजांवर. ओला टॉवेल वर झाकून ठेवावयाचा नाही, कारण तो तापून उलट ऊब धरतो. ओतत राहावयाचे आणि वारा घालावयाचा. पाणी संपले. तेव्हा ज्याने मला टोमणा मारला होता तो ग्रेहाउंडवाला गृहस्थ काही न बोलता आपले दोन्ही कॅन घेऊन आला, आणि गुडघे टेकून स्वतःच्या टोपीने वारा घालू लागला. त्याच्या कुत्र्याचीही फेरी व्हावयाची होती. त्याने ते पाणी ठेवून घेतले असते तर मी त्याला नावे ठेवू शकलो नसतो. पारा साडेएकोणचाळीसवर आला तेव्हा मुलीने सगळ्यांना थांबविले. त्यापुढे ओतले तर अंग वाजवीपेक्षा निवते, असे ती म्हणाली. मग गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेले, सलाईन लावले. रात्री नऊला बाणाने शेपटी हलविली.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. मामांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते मला जास्त लागले. पुढे आठवडाभर रक्ताची तपासणी चालली होती. उष्माघातात मूत्रपिंडे आणि यकृत मागाहून दगा देतात, म्हणून. सुदैवाने तसे काही झाले नाही. चालकांना मी एक रागाचे पत्र लिहावयास घेतले होते. पाहुणे, टँकर, बाभूळ, सगळे त्यात होते. दीड पान झाल्यावर माझ्या ध्यानी आले की पट्टी त्यांनी आखली होती, पण बाणाच्या गळ्यातला पट्टा माझ्या हाताने सुटला होता. पत्र फाडले. त्याऐवजी तीन ओळींचे दुसरे लिहिले: पुढच्या वर्षी फेऱ्या नऊच्या आत संपवाव्या, पाणी आधी आणावे, आणि पळून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला पाहण्यासाठी पशुवैद्य असावा. त्याला उत्तर आले नाही.

यावरून कोणी असे समजू नये की मी या परीक्षांच्या विरुद्ध झालो. उलट, त्या व्हाव्या, आणि कारवान्यांसाठी आपल्या मराठवाड्यात व्हाव्या, असेच माझे म्हणणे आहे. सरळ पट्टीवर नव्हे. ती ग्रेहाउंडची जागा आहे. वळणावळणाने, जोडीजोडीने, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. आणि ज्यांनी ही जात सांभाळली त्या तांड्यांवरच्या, वस्त्यांवरच्या माणसांना पंच म्हणून मानाने बोलवावे. १८७१ च्या कायद्याने यांतल्या काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. १९५२ साली तो कायदा गेला, पण त्यांच्या हातातले कुत्रे पाहून आजही लोकांच्या मनात पहिला संशय येतो. कुत्र्याची नजर, छाती, पंजा पाहून तो कसा पळेल हे ही माणसे सांगतात, आणि मी ते खरे ठरलेले पाहिले आहे. दिल्ली-बेंगळुरूच्या प्रदर्शनांतून बक्षिसे मिळविणाऱ्या कारवान्याचा आजा-पणजा बहुधा अशाच एखाद्या खोपटाच्या दारात बांधलेला सापडेल.

बाण आता बरा आहे. मुलीच्या सल्ल्याने एक पूर्ण हिवाळा त्याला नुसता चालविला, आणि गेल्या डिसेंबरात प्रथम पुन्हा सोडला. पहिल्यासारखा वेग आहे की नाही, मी घड्याळ लावलेले नाही. भिंगरी अजूनही टिटवी दिसली की पिशवी सोडून देते. यंत्राचे बटन आता मामांच्या हाती असते, आणि थर्मामीटर गाडीत नव्हे, माझ्या खिशात. माळ दर महिन्याला वेचावा लागतो, कारण पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांतून काही ना काही गळतेच. ज्या कोणाला पाहावयाचे असेल त्यांनी थंडीत एखाद्या रविवारी सकाळी सहाला कारखान्यामागच्या भूखंडावर यावे. साडेसातनंतर येऊ नये. तोवर आम्ही यंत्र उचलून घरी गेलेले असतो.